आखाजीच्या आत फार्मासिस्ट

हिलालभाऊंचं मेडिकल दुकान अगदी तयार होतं. काचेचं काउंटर होतं, भिंतभर लाकडी कप्पे होते, इंजेक्शनं ठेवायला फ्रीज होता, आणि तो उगाच रिकामा कशाला चालवायचा म्हणून त्यात पाण्याच्या बाटल्या गार होत होत्या. पाटीवर लाल रंगात 'बेबा मेडिकल स्टोअर्स' असं बायकोचं नाव झळकत होतं. नव्हती ती फक्त औषधाची एक गोळी. गोळी नव्हती कारण लायसन्स नव्हतं, आणि लायसन्स नव्हतं कारण फार्मासिस्ट नव्हता. चोपड्याच्या बाजारपेठेत हिलालभाऊंनी उभा जन्म किराणा विकलेला. माल भरला की दुकान उघडतं, एवढंच त्यांना ठाऊक. माल भरायच्या आधी माणूस दाखवावा लागतो, हे त्यांना जळगावच्या सरकारी ऑफिसात कळलं.

"फार्मासिस्ट कोण?" ड्रग इन्स्पेक्टरने मान वर न करता विचारलं.

"मी आहे ना साहेब."

"शिक्षण?"

"जुनी मॅट्रिक. पण माझ्या हातून आजवर जिऱ्याऐवजी बडीशेप गेली नाही."

इन्स्पेक्टरने फाइल मिटली. "नोंदणी झालेला फार्मासिस्ट आणा. आणि नुसतं कागदावर नाव लावलेला नको, दुकानात उभा राहणारा पाहिजे. मी कधीही येऊन बघेन. माणूस आणलात की लायसन्स घेऊन जा."

हिलालभाऊ तापलेल्या एस.टी.त बसून परत आले, ते इन्स्पेक्टरला आणि सरकारला मनातल्या मनात शिव्या घालतच. मेडिकल काढायचं वेड त्यांना काही उगाच लागलं नव्हतं. किराण्याच्या धंद्याला ते मनापासून विटले होते. येणारा प्रत्येक माणूस गुळाचा खडा तोंडात टाकणार, मूठभर शेंगदाणे चघळणार, "आज गूळ खारट लागस रे हिलाल" म्हणणार आणि चालता होणार. औषधाचं तसं नाही. गोळी कोणी चाखून बघत नाही. कडू आहे म्हणून परत आणत नाही. आणि कालचं पोरगंसुद्धा मेडिकलवाल्याला शेठ म्हणतं.

त्यामुळे स्टँडजवळ नवा दवाखाना बांधणाऱ्या डॉक्टरांनी समोरचा गाळा देऊ केला, तेव्हा हिलालभाऊंनी मागचापुढचा विचार न करता किराणा दुकान पुतण्याच्या हवाली केलं. डॉक्टरांची अट एकच होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दवाखान्याचं उद्घाटन, त्या दिवशी समोर मेडिकल उघडं पाहिजे. "नाहीतर अमळनेरचा एक माणूस मागे लागलाय माझ्या," डॉक्टर म्हणाले होते. "त्याच्याकडे लायसन्सही आहे आणि फार्मासिस्टही." आखाजी तोंडावर आली होती. गाळा गेला असता, तर हिलालभाऊंना पुतण्याच्या हाताखाली बसून गूळ फोडावा लागला असता, आणि पुतण्याने तो चाखून नावं ठेवली असती.

बेबाबाईंनी नवऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि सगळी कर्मकहाणी ऐकून घेतली.

"मंग शोधा फार्मासिस्ट. त्यामा काय शे?"

"कोठे शोधू? परका माणूस आज दुकानमा उभा राही, अन् उद्या समोरच सोतानं दुकान टाकी."

"परका कसाले? समाजमा पहा. समाजना माणूस पळी गया तरी त्याना बाप सापडस."

बेबाबाईंचं बोलणं हिलालभाऊंना पटलं, आणि इथेच घोडं चुकीच्या वाटेला लागलं. समाजात शोधायचं म्हणजे कुठे शोधायचं? वैशाखाच्या तोंडावर समाज सापडतो तो लग्नाच्या मांडवात. हिलालभाऊंनी नवी टोपी घातली आणि दुसऱ्याच दिवशी अडावदचं एक लग्न गाठलं. नवरा कोण, नवरी कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी थेट भाईदासनानांच्या शेजारचा पाट पकडला. समाजातली निम्मी लग्नं भाईदासनानांनी जमवलेली, त्यामुळे कोणाच्या घरात कोण किती शिकलं हे त्यांना त्या त्या घरापेक्षा जास्त माहीत.

"नाना, आपला समाजमा डी. फार्म व्हयेल कोनी शे का?"

नानांनी वरणात बट्टी कुस्करता कुस्करता विचारलं, "पोऱ्या का पोर?"

"काहीबी चाली."

नानांचा हात थांबला. "काहीबी?"

"शिकेल पायजे, बस. काळंगोरं कसंबी राहो, वय जरा जास्त राहिनं तरी काही हरकत नही. पन माले घाई शे. आखाजीना आत काम व्हवाले पायजे."

दुसऱ्या कोणी विचारलं असतं, की बाबा, कोणासाठी? पण भाईदासनाना मुरलेले मध्यस्थ. हिलालभाऊंना दोन मुली, दोन्ही नांदत्या घरी, मुलगा नाही, हे त्यांना पाठ होतं. पन्नाशीतला बिनमुलाचा माणूस असा घाईघाईने स्थळ विचारतो, तेव्हा कोणासाठी हे विचारायचं नसतं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"घरमा माहीत शे का?"

"म्हंजे काय! बेबानीच धाडं माले. सांगे, परकी नको, समाजमा पहा."

नानांनी बट्टी तशीच ठेवून हात जोडले. असली बायको त्यांनी उभ्या खानदेशात पाहिली नव्हती.

"भुसावळले तोतारामआबानी पोर शे," ते गहिवरून म्हणाले. "आबा रेल्वेमा गार्ड शेतस. पोर डी. फार्म व्हयेल शे. मी येस तुमना संगे."

हिलालभाऊंना वाटलं, कामासाठी धडपडणारी माणसं अजून जगात आहेत.

दोघे भुसावळला गेले ते नीट कपडे करून. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये टोपीवाले दोन पाहुणे आणि हातात पिशवी दिसल्याबरोबर दोन्हीकडच्या ओट्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. त्या उगाच काहीतरी निवडत होत्या. तोतारामआबांनी सतरंजी अंथरलेलीच होती, कारण नानांनी आधी निरोप पाठवला होता. पोहे आले, चहा आला, आणि साडीचा पदर सावरत प्रमिला आली. नोकरीच्या मुलाखतीला एवढी खातिरदारी होते हे पाहून हिलालभाऊ भारावले. त्यांनी घसा खाकरला.

"नोंदणी झाली का?"

"झाली." प्रमिलाने सर्टिफिकेट पुढे ठेवलं.

"दिवसभर उभं राहावं लागेल."

"सवय आहे."

"माणसं फार कटकट करतात. ऐकून घेता आलं पाहिजे."

"मीही करते कटकट," प्रमिला म्हणाली. "त्यांनाही ऐकून घ्यावं लागेल."

तोतारामआबांनी कपाळाला हात लावला. शिक्षणापायी आणि याच जिभेपायी मुलीची आधीची दोन स्थळं मोडली होती. एकाला मुलापेक्षा मुलगी जास्त शिकलेली नको होती. दुसरीकडे, मुलाचे वडील चहाबरोबर उपाशीपोटी कसलीशी गोळी घ्यायला निघाले, आणि प्रमिलाने ट्रे हातात असतानाच त्यांना त्यावरून सुनावलं होतं. पण हा पाहुणा चक्क हसला. "अशीच पाहिजे!" म्हणाला आणि हात धुवायला मोरीत गेला.

"मुलगा काय करतो?" आबांनी घाईने नानांना विचारलं.

नानांना एकाएकी खोकल्याची उबळ आली. "आबा, रविवारले चोपडाले या. घर पहा, दुकान पहा. तठेच समोरासमोर सगळं बोलू."

हात पुसत आलेल्या हिलालभाऊंनी पिशवीत हात घातला आणि नारळ काढला. हळदीचा सौदा असो की डाळीचा, बोलणं पक्कं झालं की नारळ द्यायचा, ही त्यांच्या दुकानाची रीत. बेबाबाईंनी म्हणूनच तो आठवणीने दिला होता. हिलालभाऊंनी तो प्रमिलाच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आता मागे फिरायचं नाही." ओट्यावरच्या बायकांनी हे पाहिलं. मुलीच्या हातात नारळ पडला याचा अर्थ समाजात एकच होतो, आणि संध्याकाळच्या आत तो सगळ्या क्वार्टर्सना कळला.

भाईदासनाना पोटात गोष्ट ठेवणारे होते. त्यांनी ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली, तीही कोणाला सांगू नको म्हणून. बायकोने ती फक्त बहिणीला सांगितली. बहीण धुळ्याची. धुळ्यात बेबाबाईंचा थोरला भाऊ धनसिंग राहायचा. हिलाल दुसरं लग्न करतोय, नारळ दिला, पोरगी भुसावळची, आणि बिचाऱ्या बेबाला दमदाटी करून कबूल करायला लावलंय, अशी भर पडत पडत ती गोष्ट धनसिंगच्या कानावर गेली, तेव्हा तो भाड्याची जीप आणि चार दणकट भाऊबंद शोधायला बाहेर पडला.

रविवारी सकाळी हिलालभाऊ नवं धोतर नेसून पाहुण्यांची वाट पाहत होते. बेबाबाई आखाजीच्या सांजोऱ्या तळत होत्या. आधी जीप आली.

"बेबा, कपडा भर!" धनसिंग उंबऱ्यातूनच गरजला. "आपलाच घरमा राहशी आते."

"कसाना कपडा? कढईमा सांजोरी शे मनी, जळी जाई."

"पाव्हना, लाज नही वाटस का?" धनसिंग हिलालभाऊंकडे वळला. "दोन जवाई व्हयनात तुमले! दुकानले मनी बहीणनं नाव, अन् दुकानमा दुसरी बाई?"

"दुकानमा बाई त राहीच," हिलालभाऊ बुचकळ्यात पडून म्हणाले. "तिनाशिवाय लायसन नही भेटस."

धनसिंगने बाह्या सरसावल्या. दुसरी बायको करायला हल्ली सरकार लायसन्स देतं हे त्याला नवीन होतं. तेवढ्यात दारात मेटाडोर थांबली. तोतारामआबा, त्यांची बायको, आत्या, मामा, शेजारचे दोन गार्ड आणि सगळ्यांत शेवटी प्रमिला, असा लवाजमा उतरला. नियमाप्रमाणे मुलीने घर पाहायला यायचं नसतं. पण प्रमिला म्हणाली होती की राहायचं मला आहे, तर बघणार मीच. त्यांच्यामागे भाईदासनाना होते. जीपमधले भाऊबंद दिसताच ते आल्या पावली मागे वळले, पण एका गार्डाने त्यांना आदराने हाताला धरून आत आणलं.

पाणी झालं. आबांनी खोलीभर नजर फिरवली.

"नवरदेव दिसत नाहीत?"

"कोन नवरदेव?" हिलालभाऊंनी विचारलं.

सगळ्यांनी भाईदासनानांकडे पाहिलं, आणि नानांनी केविलवाणेपणाने हिलालभाऊंकडे बोट दाखवलं.

त्यानंतर त्या खोलीत जो गदारोळ झाला, त्यात कोण काय बोललं हे कोणालाच नीट सांगता आलं नसतं. आबा ओरडत होते, "बापाच्या वयाचा माणूस!" धनसिंग ओरडत होता, "मी काय सांगस मंग!" हिलालभाऊ टोपी हातात घेऊन एकेकासमोर जात होते आणि "अहो दुकानासाठी, अहो फार्मासिस्ट," म्हणत होते. शेवटी बेबाबाई कढई उतरवून, झारा हातात घेऊन बाहेर आल्या. झाऱ्यातून तेल ठिबकत होतं म्हणून लोक आपोआप मागे सरले.

"यासले बायको नको," त्या म्हणाल्या. "बायको शे. यासले दुकानमा उभं राहनारं, शिकेल माणूस पायजे. पगार देऊन. इतलंच."

तिढा सुटला असं हिलालभाऊंना वाटलं. पण तोतारामआबा मटकन खाली बसले, आणि त्यांचा आवाज उतरला तो जास्त वाईट होता.

"इतलंच?" ते म्हणाले. "सगळ्या भुसावळने बघितलं. पोहे खाल्ले, मुलगी बघितली, नारळ दिला. आता मी घरी जाऊन काय सांगू? नोकरीसाठी आले होते? कोण ऐकेल? लोक म्हणतील, तिसरा नकार आला. तोतारामच्या पोरीत काहीतरी खोट आहे. तुमचं दुकान नाही उघडलं तर दुसरं उघडेल हो. माझ्या पोरीचं काय?"

हिलालभाऊंना खरंच वाईट वाटलं. हा प्रकार आपण केला, आणि तोही हसत हसत केला, याची त्यांना शरम वाटली. "आबा, चुकलो मी," ते म्हणाले. "पण प्रमिलाताई दुकानात आल्या, तर..."

"माझी मुलगी तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. चल ग प्रमिला."

प्रमिला उठली नाही. "बाबा," ती म्हणाली, "नकार त्यांनी दिला असंच कशाला म्हणायचं? नारळ आपण परत करू. नकार आपला."

"आणि लोकांना खरं वाटेल?"

"आपण सांगून नाही वाटणार. यांनी स्वतः सांगितलं, तर वाटेल."

"काय सांगू मी?" हिलालभाऊंनी विचारलं.

"की तुम्ही मला बघायला आलात, पसंत केलंत, नारळ दिलात, आणि मी नाही म्हटलं. तेवढं सगळीकडे कळलं की मी कामाला येते. मला नोकरी हवीच आहे काका. चोपड्यात माझी मावशी राहते."

"पण बघायला आलो ते कोणासाठी?"

धनसिंगलाच आता गंमत वाटायला लागली होती. "आते कोनासाठी?" तो म्हणाला. "अख्खा धुळं जिल्हाले माहीत शे कोनासाठी."

हिलालभाऊ लालबुंद झाले. या वयात, दोन जावयांच्या सासऱ्याने, न मागितलेल्या बायकोकडून नकार घ्यायचा आणि तो वर गावोगाव वाजवत फिरायचं! "मरी जासू पन हाई करावू नही," ते म्हणाले. "तुम्ही काहीबी सांगा, मी दुसरा फार्मासिस्ट पाहीसू."

नेमके त्याच वेळी डॉक्टर दारात आले. बरोबर एक गोल चेहऱ्याचा माणूस होता आणि त्याच्या हातात मोजपट्टी होती.

"हिलालभाऊ, हे आमचे अमळनेरचे," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं, गाळा बघून तर ठेवू दे. तुम्हाला फार्मासिस्ट मिळाला का? नसेल मिळाला तर तसं सांगा, म्हणजे मी यांना मोकळेपणाने..."

गोल चेहऱ्याच्या माणसाने फार प्रेमळपणे मोजपट्टी थोडी ओढून पाहिली.

हिलालभाऊंनी बेबाबाईंकडे पाहिलं. "बेबे, मनी इज्जत?"

"इज्जतवर मेडिकल चालस का?" बेबाबाई म्हणाल्या. "सांगी टाका. मना काय जास? माले खरं माहीत शे ना." आणि पदर तोंडाला लावून त्या हसल्या. नवऱ्याला तो हसण्याचा आवाज तेव्हा अजिबात आवडला नाही.

"मिळाला डॉक्टरसाहेब," हिलालभाऊ म्हणाले. "ह्या बघा. मिळाल्या."

तोतारामआबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गुपचूप चार लोकांना सांगितलेलं त्यांना चालणार नव्हतं. भर पंगतीत, आपल्या देखत सांगायचं, अशी त्यांनी अट घातली. म्हणून धरणगावच्या एका लग्नात हिलालभाऊ मुकाट्याने पंगतीला बसले. समोरच्या ओळीत आबा, डोळे लावून. वांग्याची भाजी पानात पडली आणि हिलालभाऊंनी डोळे मिटून शेजारच्याला सांगून टाकलं.

"मी भुसावळले पोर पाहाले गयथू. माले पसंत पडनी. पन तिनी नही सांगं."

वरण वाढणारा पोहोचायच्या आधी ती बातमी पंगतीच्या टोकाला पोहोचली. लोक जेवायचे थांबले. पलीकडच्या ओळीतले दोघे नुसतं तोंड बघायला उठून आले. एका म्हाताऱ्याने पाठीवर हात फिरवून, "पोर शहानी शे," असा मुलीचा गौरव केला. दुसऱ्या कनवाळू माणसाने कानात सांगितलं, की निराश होऊ नका, माझ्या पाहण्यात एक नर्स आहे. भाईदासनाना तर हात धुवायच्या जागी गाठून म्हणाले, "भाऊ, मी आधीच सांगी देतू, वय जरा जास्त व्हतं तुमनं." हे ऐकून हिलालभाऊंच्या हातातला तांब्या खाली पडला. ज्या माणसाने सगळा घोळ घातला आणि ज्याला खरं माहीत होतं, तोच त्यांचं सांत्वन करत होता, आणि आबांना दिलेल्या शब्दापायी हिलालभाऊंना त्याला एक शब्दही सुनावता येत नव्हता.

आबा मात्र पोटभर जेवले. जाताना त्यांनी नारळ परत दिला, चारचौघांत.

प्रमिला ठरल्या दिवशी जळगावच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. इन्स्पेक्टरने सर्टिफिकेट पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि लायसन्सवर सही केली. आखाजीच्या सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यावर तोरण लागलं आणि समोर 'बेबा मेडिकल स्टोअर्स'चं शटर वर गेलं. बेबाबाईंनी स्वतः पूजा केली. धनसिंगही आला, पण यावेळी एकटाच, आणि सांजोऱ्या खाऊन गेला.

गर्दी म्हणाल तर अशी, की दवाखान्यापेक्षा मेडिकलसमोर माणसं जास्त. आखाजीला माहेरी आलेल्या सगळ्या लेकीबाळी झोके सोडून आधी इकडे आल्या. कोणाचंच काही दुखत नव्हतं. हिलाललाही नाही म्हणणारी पोरगी कशी दिसते, ते त्यांना बघायचं होतं. बघायला आलं म्हणजे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून कोणी बाम घ्यायचं, कोणी ग्लुकोजचा पुडा, कोणी पोराला ग्राइपवॉटर. दुपारपर्यंत बामचा कप्पा रिकामा झाला. पांढरा कोट घातलेली प्रमिला एकेकाला औषध कसं घ्यायचं ते दोनदोनदा समजावत होती आणि लोक मान डोलवत ऐकत होते.

हिलालभाऊंना तिने पहिल्याच तासात काउंटरवरून उठवलं होतं. "काका, चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नाही, म्हणून सांगितलं ना? तुम्ही मागे बसा. खोकी फोडा." ते कप्प्यांच्या मागे स्टुलावर बसून खोकी फोडत होते आणि बाहेरचं सगळं त्यांना ऐकू येत होतं. शेठ कोणी म्हटलं नाही. ज्याने त्याने आत डोकावून, "शे का रे हिलाल? व्हई जास, व्हई जास," असं सांत्वन मात्र केलं.

एक म्हातारी बाई काउंटरला रेलून प्रमिलाला म्हणाली, "पोरी, एक इचारू? नही कसाले सांगं तू? मानूस त चांगला शे."

सगळ्या बायका काउंटरकडे सरकल्या. हिलालभाऊंच्या हातातलं खोकं अर्धवट राहिलं. वय, असं ती म्हणणार हे त्यांना माहीत होतं, आणि वयाचं त्यांना काही वाटणार नव्हतं. वय कोणाच्या हातात असतं?

प्रमिलाला कोणाचं मन दुखावणार नाही, असं काहीतरी सांगायला हवं होतं. "स्वभाव चांगला आहे हो आजी," ती म्हणाली. "फक्त उंची जरा कमी पडली."

हास्याचा असा लोट उठला की समोर डॉक्टर खिडकीत आले.

दुपारी जेवायला हिलालभाऊ घरी आले ते गप्प. आमरस होता, पुरणपोळी होती, आणि दुकान पहिल्याच दिवशी चाललं होतं. पण त्यांनी ताटाला हात लावला नाही. बेबाबाईंनी दोनदा विचारलं. शेवटी ते फणकारले.

"माले सांग बेबे, मी बुटका शे का?"

"काय?"

"उंचीवरतीन नही सांगं तिनी! वयवरतीन सांगती, दोन जवाई शेतस म्हनीसन सांगती, बायको शे म्हनीसन सांगती, तरी मी काही बोलतू नही. पन उंची? बठ्ठा लोकससमोर? मी काय इतला बुटका शे?"

"अहो, तिनी खरं थोडी सांगं? तुम्ही तिले इचारेलच नही त ती नही काय सांगी?"

"ते माले माहीत शे!" हिलालभाऊ ओरडले. "पन मी खरंच इचारतू, तरी तिनी हाईच सांगतं ना?"

नवऱ्याचे डोळे खरोखर ओले झाले होते. बेबाबाईंनी त्यांच्या वाटीत आणखी एक पळी आमरस ओतला.

"खा आते," त्या म्हणाल्या. "मना बाप बी हाईच सांगे. मीच ऐकं नही."